ताटात मावेल एवढंच पापलेट का मागतो आपण? (बडोद्यातल्या मासे खाणाऱ्या घरांसाठी)

सूरसागरकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याचं जेवण घरीच करायचं ठरलं. पाहुणे साठ. सीकेपी घर, त्यामुळे पापलेट हवंच, आणि प्रत्येकाच्या ताटात एक अख्खं तळलेलं यावं अशी वहिनीची हौस. नेहमीच्या मासेवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवलं. तो म्हणाला, "बेन, प्लेट साइज आपीश, एकदम सरखा", म्हणजे ताटात मावतील अशी, एकदम सारखी देईन. आणि खरंच, थर्माकोलच्या खोक्यातून पासष्ट पापलेटं आली, सगळी साच्यातून काढल्यासारखी एका मापाची.

मी आणि जाऊबाई साफ करायला बसलो. वीस-पंचवीस झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, एकाच्याही पोटात गाभोळी नाही." माशाच्या अंड्यांची ती पिशवी शेवटपर्यंत निघाली नाही. पुतणीच्या दप्तरातली फूटपट्टी घेऊन मोजलं. बारा सेंटीमीटर, साडेबारा, अकरा. तेराच्या वर एकही नाही.

मी शोधाशोध केली. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये. चंदेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. त्याच वर्षी पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. आपण गुजरातेत राहतो, आदेश महाराष्ट्राचा आहे, हे मला कळतं. पण मासा काही राज्याची हद्द पाहून वाढत नाही. एकदाही अंडी घालायला न मिळालेली पासष्ट पिल्लं आम्ही एका जेवणात संपवली, आणि ती तशीच हवीत म्हणून आम्हीच मागवली होती. जेवण सुरेख झालं, सगळ्यांनी नाव काढलं. मला मात्र घास गोड लागला नाही.

बडोद्यात समुद्र नाही. बोटी, जाळी, बंदर काही डोळ्यांसमोर नसतं, समोर असतो फक्त बर्फावरचा मासा. म्हणून मला आपल्या मराठी घरांसाठी एक साधं पानभर पत्रक करायचंय: मासे घेताना काय बघायचं, काय विचारायचं. जाणकारांनी मदत करावी.

खाडीकर

ताई, मी चौलचा, नोकरीमुळे बारा वर्षं बडोद्यात. विषय काढलात ते फार बरं केलंत.

आधी एक दुरुस्ती. गाभोळी नाही म्हणून मासा पिल्लू, असं समजू नका. मोठ्या मासळीतही हंगाम नसला की गाभोळी मिळत नाही, आणि नर तर असतातच. तुमची फूटपट्टी मात्र खरी. पत्रकात गाभोळी नको, लांबी लिहा.

दुसरं म्हणजे लहान मासा आणि पिल्लू यांत फरक करायला हवा, नाहीतर लोक मांदेली आणि जवळा खाणंही सोडतील. जवळा मोठा झाला तरी जवळाच राहतो. मांदेली बोटभरच असते. करंदी तशीच. यांची वाढ झपाट्याने होते, आयुष्य थोडं, पैदास भरपूर. त्या लहान आहेत म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. अपराध होतो तो मोठ्या होणाऱ्या जातीचं पोर खाल्लं की. पापलेट, सुरमई, घोळ, रावस, हलवा यांची पोरं. आमच्याकडे बाजारात वीतभर सुरमईचे वाटे लागतात तेव्हा पोटात तुटतं. ती सुरमई हातभर झाली असती.

बिरडंप्रेमी

सूरसागरताई, भावना पोचली. पण स्पष्ट बोलतो. मोठं पापलेट घ्यायचं तर भाव कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे. पाच माणसांच्या घरात एक मोठं पापलेट आणून तुकडे करण्यापेक्षा पाच लहान परवडतात. आणि आपण बडोदेकर महिन्यातून दोनदा मासे खाणार. ट्रॉलरवाले टनांनी उपसतात. आपल्या दोन किलोंनी समुद्राला काय फरक पडणार? जाळीवर बंदी घाला, बोटींना दंड करा. गिऱ्हाइकाला कशाला शिकवायचं?

सूरसागरकाठ

@बिरडंप्रेमी, भावाचं तुमचं म्हणणं खरं आहे, मी नाकारत नाही. पण माझ्या खोक्यातल्या माशांना "प्लेट साइज" हे नाव दर्याने नाही दिलं, ताटाने दिलंय. मासेवाला ते माप वेगळं निवडून ठेवतो, कारण त्या मापाला गिऱ्हाईक आहे. हॉटेलं आणि केटररसुद्धा तेच मागतात.

आणि मोठं पापलेट नाही परवडलं, तर पापलेटच हवं असं कुठे आहे? बांगडा आहे, बोंबील आहे, मांदेली आहे.

वेरावळवाला

वेरावळला मासळीच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली, आता मकरपुऱ्यात असतो. बिरडंप्रेमींच्या मुद्द्यावर लिहितो, कारण तो अर्धा खरा आहे.

ट्रॉलरचं जाळं म्हणजे मागे ओढलेली मोठी पिशवी. समुद्राच्या तळाशी ओढत नेतात, वाटेत येईल ते आत. पिशवीच्या शेवटच्या भागाची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती मोठी यावर सगळं अवलंबून. आस मोठी तर पोरं निसटतात, बारीक तर सगळंच येतं. गुजरातेत शेवटच्या भागाला ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसेचं जाळं लावायचा नियम आहे. चौकोनी का, तर शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढताना मिटून जाते आणि चौकोनी उघडी राहते. नियम चांगला आहे. पण बोट पंधरा-वीस दिवस दर्यात असते, तिथे जाळं तपासायला कोण जाणार?

बंदरावर माल उतरला की वर्गवारी होते. चांगली मासळी निर्यातीला किंवा मोठ्या शहरांना. उरलेल्या चुऱ्यात निम्मी पोरं असतात. त्यांचा ढीग मासळीचा भुगा करणाऱ्या कारखान्यात जातो, त्या भुग्याचं खाद्य होतं कोंबड्यांचं आणि तळ्यातल्या कोळंबीचं. मी तो ढीग रोज बघायचो. त्यात हाताच्या पंज्याएवढी घोळ असायची. २०२३ मध्ये गुजरातने घोळ राज्य मासा म्हणून जाहीर केला, आणि वाढली तर ती मीटरभराच्या वर जाते.

तेव्हा बंदी आणि दंड हवाच. पण पोराला भाव मिळतो तोवर ते बर्फात जाणार. भाव मिळाला नाही तर डिझेल जाळून ते आणण्यात मालकाला रस नाही. गिऱ्हाइकाचं काम इथे सुरू होतं.

अंकलेश्वरी

या धाग्यात नर्मदेबद्दल कोणीतरी बोललं पाहिजे, म्हणून लिहिते. समुद्र लांब आहे, नर्मदा तर आपल्या दाराशी आहे.

भरूचला पावसाळ्यात पाला मिळतो, बंगाली ज्याला इलिश म्हणतात, इकडे चाकसी. समुद्रात राहणारा मासा, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात नदीतून वर चढतो. पुराचं लाल पाणी आलं की तो यायचा. माझे सासरे सांगतात, त्यांच्या तरुणपणी जुलै-ऑगस्टात भरूचच्या धक्क्यावर पाल्याच्या टोपल्यांची रांग लागायची आणि कलकत्त्याला बर्फातून माल जायचा. तापीवर उकाई धरण झालं १९७२ मध्ये, तिथला पाला त्यानंतर गेलाच. नर्मदेवर सरदार सरोवर झालं, खाली पाणी कमी उतरायला लागलं, भरतीचं खारं पाणी भरूचच्या वरपर्यंत घुसायला लागलं. आता खारं पाणी अडवायला भाडभूतजवळ बंधारा बांधताहेत. शेतीला आणि शहरांना गोडं पाणी मिळेल हे खरं, पण पाल्याची वर चढायची वाट तिथूनच जाते. भरूचचे मच्छीमार कित्येक वर्षं हेच सांगताहेत.

मला हे लिहायचंय की प्रत्येक मासा जाळ्यानेच संपतो असं नाही. वाट बंद झाली तरी संपतो. आणि खाणाऱ्याच्या हातात जे आहे ते एवढंच: चढणीचा, पोटात अंडी घेऊन निघालेला पाला न घेणं. मी चार वर्षांपूर्वी सोडला. सासरे पहिल्या वर्षी रागावले, जेवायला बसले नाहीत. आता तेच शेजाऱ्यांना समजावून सांगतात.

खाडीकर

@अंकलेश्वरी, अंगावर काटा आला.

गाभोळीचा विषय निघालाच आहे तर जड मनाने सांगतो. आपल्याला गाभोळी आवडते. मलाही. आईच्या हातची तळलेली गाभोळी आणि भाकरी, यापुढे मला दुसरं काही नको असायचं. पण गाभोळीसाठी म्हणून भरलेली मासळी मागून घेणं मी थांबवलंय. चिंबोरीचंही तसंच. पोटाखाली बाहेर अंड्यांचा घोस लटकलेला दिसला तर ती घ्यायची नाही, विकणाऱ्याने कितीही "भरलेली आहे" म्हटलं तरी.

शेवंडीचं, म्हणजे लॉब्स्टरचं, उदाहरण पत्रकात घालाच. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी चपटी शेवंड असायची. ट्रॉलर वाढले, निर्यातीला भाव आला, अंडीवाल्या माद्याही सुटल्या नाहीत. १९९४ पर्यंत ती तिथून जवळजवळ नाहीशी झाली. पंधरावीस वर्षांत. माझ्या वडिलांच्या पिढीने ती खाल्ली, मी फक्त नाव ऐकलं.

करेलीबागची आत्या

मुलांनो, मी ७८ वर्षांची आहे, नात टाइप करून देतेय.

तुम्ही सगळं नवीन म्हणून बोलताय, पण यातलं निम्मं आमच्या घरात होतंच. माझं माहेर पेणचं. आषाढ संपताना शेवटचा बेत व्हायचा आणि श्रावण लागला की चूल बदलायची. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहायचे, मगच होड्या बाहेर. त्याआधी ताजा मासा घरात येत नसे. पावसाळ्यात कांद्याबटाट्याबरोबर सोडे, सुके बोंबील, सुकी करंदी. मे महिन्यात डबे भरून ठेवायचे, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारीच ती. वालाच्या बिरड्यात सोडे घातले की ताज्या कोळंबीची आठवणही येत नाही.

लग्न होऊन १९६७ साली बडोद्यास आले. इथे ताजा मासा मिळायचा कमी, सुका मात्र भरपूर. मी अजून जाफराबादचे सुके बोंबील मागवते. आता माझ्या सुना जुलै महिन्यात पापलेट आणतात. मी विचारते, पाऊस पडतोय, होड्या बंद, मग हे आलं कुठून?

वेरावळवाला

आत्या, नमस्कार. तुमचा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ६१ दिवस. गुजरातने अलीकडे ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवली. पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जुलैत बडोद्यात दिसणारं पापलेट बहुधा एकतर कोल्ड स्टोअरेजमधलं, नाहीतर पूर्वेकडून आलेलं, नाहीतर बंदी मोडून पकडलेलं. पहिल्या दोन्हींत गैर काही नाही. गोठवलेला मासा वाईट नसतो. पण विकणारा "आज सवारे आव्यो, एकदम ताजो" म्हणत असेल तर विचारायचं, कुठून? हा एक प्रश्न पुरेसा आहे. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देताना माणूस जपून बोलतो.

नर्मदेकाठचा (इंदूर)

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे सगळे म्हणतात समुद्राचा मासा हवा, गोड्या पाण्यातल्याला मातीचा वास येतो. पण माशांची जात टिकून राहण्याच्या दृष्टीने बघितलं तर तळ्यातले रोहू, कटला, मृगळ यांच्याइतका निर्धास्त मासा कोणता? १० जुलै १९५७ रोजी डॉ. हीरालाल चौधरी यांनी या माशांना इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावण्याची पद्धत यशस्वी केली, म्हणून तो दिवस मत्स्यशेतकरी दिन असतो. त्यानंतर हळूहळू नदीतून बीज आणायची गरज कमी होत गेली. हे मासे शेवाळ, पेंड, कोंडा यांवर वाढतात, त्यांच्यासाठी समुद्रातली मासळी दळावी लागत नाही.

नदीचा मासा वेगळा. नर्मदेतला महासीर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे आणि तो दुर्मिळ झालाय, तो समोर आला तरी घेऊ नये. १६ जून ते १५ ऑगस्ट आमच्याकडे नदीतली मासेमारी बंद असते.

तव्यावरची

मातीच्या वासावर उपाय सांगते. रोहूचे तुकडे मीठ आणि बेसन चोळून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, मग हळद आणि आमसुलाचं दाट आगळ लावून अर्धा तास. वाटणात लसूण जास्त, ओलं खोबरं कमी. आमच्या घरी सासूबाईंनी सुरमई समजून दोन तुकडे घेतले होते.

बांगड्याचं काय? केरळात तो १४ सेंटीमीटरच्या वर आणि तारली १० च्या वर असावी असा नियम आहे, असं वाचलं होतं. इथे तेच धरावं का?

खाडीकर

धरायला हरकत नाही. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची पूर्ण वीत साधारण वीस सेंटीमीटर. बांगडा पाऊण वितीपेक्षा लहान नको, पापलेटही तसंच. बाजारात फूटपट्टी नेली नाही तरी हात असतोच.

बिरडंप्रेमी

वाचतोय सगळं. मुशीबद्दल, म्हणजे लहान शार्कबद्दल, कोणी बोललं नाही. आमच्याकडे बाळंतिणीला मुशी देतात.

वेरावळवाला

चांगलं विचारलंत. मुशी, पाकट यांचं गणित बांगड्यासारखं नाही. बांगडा लाखाच्या घरात अंडी घालतो. बऱ्याच मुशी उशिरा वयात येतात आणि एका वेळी मोजकी पिल्लं देतात. उपसा झाला की भरून यायला पिढ्या जातात. त्यातल्या बऱ्याच जाती आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि कापलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं सामान्य माणसाला अशक्य. म्हणून माझं मत सरळ आहे, मुशी सोडावी. बाळंतिणीला बोंबील द्या, मऊ असतो.

आणि माणसं बदलत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी वेरावळचीच गोष्ट. देवमुशी, म्हणजे तो ठिपक्यांचा अजस्र व्हेल शार्क, आमच्या किनाऱ्यावर तेलासाठी मारला जायचा. त्याच्या काळजाचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, पण कायदा कागदावर होता. २००४ मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं, ही आपली "वहाली", म्हणजे लाडकी, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. एवढ्या एका शब्दाने काम केलं. त्यानंतर जाळ्यात व्हेल शार्क सापडला तर खारव्यांनी, म्हणजे इथल्या मच्छीमारांनी, स्वतःचं महागडं जाळं कापून त्याला सोडायला सुरुवात केली. सरकारने जाळ्याची भरपाई दिली. मी एकदा तो सुटताना बोटीवर होतो. सगळे हात जोडून उभे होते.

करेलीबागची आत्या

लेक म्हटलं ना, मग कोण मारेल. पत्रकात असंच काहीतरी लिहा गं. सेंटीमीटर राहत नाहीत लक्षात.

सूरसागरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या, तुमचं म्हणणं पटलं. पत्रकाच्या वर "पोर घरी आणू नका" एवढंच मोठ्या अक्षरांत घालते. खाली वितीचं चित्र, मापं त्याच्या शेजारी. जून ते ऑगस्टसाठी सुक्याचे पदार्थ, त्यात आत्यांचं बिरडं पहिलं. एका बाजूला मराठी, मागे गुजराती, म्हणजे मासेवाल्यालाही देता येईल. हॉटेलात "फिश फ्राय" म्हणून काय देतात ते विचारायचं, हेही घालते. बहुतेक ठिकाणी तळ्यातला बासा असतो, तो समुद्राचा समजून आपण पैसे मोजतो.

आज सकाळी मासेवाल्याशी बोलले. जरा धाकधूक होती, त्याला वाटेल बाई भाव पाडायला आली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, त्याचे वडील याच धंद्यात होते, तेव्हा तराजूत एक पापलेट टाकलं की काटा अर्ध्या किलोवर जायचा, आता तीन-चार टाकावी लागतात, हे त्यालाही दिसतं. पण एका घरासाठी तो वेगळा खोका नाही मागवू शकत. दहा घरं मिळून मोठा माल घेणार असाल तर सोमवारी सांगा, बुधवारच्या गाडीने येईल, आणि त्यात बांगडा-बोंबीलही जास्त घालीन, म्हणाला. एक मोठं पापलेट दोन-तीन घरांत वाटून घेता येईल, तोही कापून देईल.

पुढच्या सोमवारपर्यंत दहा घरं हवीत. माझं एक, जाऊबाईंचं एक.

तव्यावरची

मांजलपूर, दोन घरं. बांगडा जास्त चालेल.

अंकलेश्वरी

मी बडोद्यात शनिवारी असते. आईचं घर धरा, फतेगंज. एक.

वेरावळवाला

मकरपुरा, एक. माल आला की बघायला मी येतो, डोळा आणि कल्ले बघून सांगेन.

खाडीकर

एक. शेजारच्या मल्याळी कुटुंबाला विचारतो, ते नक्की घेतील. दोन धरा.

करेलीबागची आत्या

आमचं एक. सुनांना मी सांगते.

बिरडंप्रेमी

एक घर, दांडिया बाजार. पापलेट नको, बोंबील द्या. आणि ताई, पत्रकाच्या शंभर प्रती मी छापून देतो, माझ्या भावाचा छापखाना आहे.

सूरसागरकाठ

दहा झाली. सोमवारी फोन करते.